मॅक्रोने फुलं टिपताय? या चुका आधी टाळा

पाऊस जरा उघडला की गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटातल्या सड्यावर, म्हणजे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) सपाट पठारावर, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) घेऊन नवे कॅमेरेवाले दिसायला लागतात आणि दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक ऍपर्चरची, म्हणजे लेन्समधून उजेड आत सोडणाऱ्या भोकाची; त्याचा एफ आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि शार्प दिसणारा पट्टा पातळ. मी पण केलीय. चवथीनंतरचा (गणेश चतुर्थीनंतरचा) रविवार होता, सीतेची आसवं ही इवली जांभळी-निळी फुलं सड्यावर नुसती पसरलेली, मी चिखलात पोटावर पडून एफ २.८ वर दीडेकशे फोटो काढले कारण मागचं सगळं कसं मऊ निळं दिसत होतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघतो तर फुलाचा ओठ तेवढा शार्प आणि बाकी सगळा लगदा. पुढच्या रविवारी हट्टाने एफ २२ लावला, तर अख्खं फूलच पिठूळ. तेव्हा कुठे नीट वाचलं. फुल फ्रेमवर (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १:१ ला, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं पडतं तेव्हा, २.८ मध्ये जेमतेम पाव-अर्धा मिलीमीटर शार्प मिळतो, एफ ८ ला साधारण एक. आणि १:१ ला ऍपर्चर प्रत्यक्षात दुप्पट आकड्यासारखं वागतं, म्हणजे २२ चं ४४ होतं, उजेड जातो आणि डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) बारकावे पण जातात. मी आता ८ ते ११ च्या बाहेर जात नाही, त्याऐवजी कॅमेरा फुलाला समांतर धरतो. हे अंगणातल्या अबोलीवर शिका, तिच्या पाकळ्या सपाट पसरतात, कोन जमला की अख्खं फूल शार्प येतं. महिनाभर अबोली काढा, मग घाट चढा, पण एवढा धीर कोणाला नसतो.

ऑटोफोकस बंद करा. फोकस मॅन्युअलला ठेवून स्वतः केसभर पुढे-मागे व्हायचं.

वाऱ्याशी भांडू नका, सकाळी लवकर जा, वारा आलाच तर छत्री आडवी धरा, दुपारच्या उन्हालाही तीच.

स्प्रेने खोटं दव मारणं मला अजिबात पटत नाही, गोव्यात पावसाळ्यात पाण्याला काय तोटा आहे?

आता ज्याचा मला खरंच राग येतो ते. सड्यावर चिऱ्यावरची माती बोटभर पण नसते, त्यात ही फुलं उगवतात, आणि एका फुलासाठी लोक गुडघे टेकून आजूबाजूची पन्नास चिरडतात. गेल्या पावसात एकाने मागचा पसारा नको म्हणून शेजारचे गेंद (पांढऱ्या गोल बोंडांची सड्यावरची फुलं) मुळासकट उपटले, माझ्या डोळ्यांसमोर. अरे, दोन पावलं सरक, कोन बदल, मागचं आपोआप साफ होतं! मी उघड्या चिऱ्यावर पाय ठेवूनच चालतो, तिथून पोचत नसेल तर तो फोटो सोडतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स काढू नका, धुकं धरतं, बॅग बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि घरी लेन्स कपाटात कोंडू नका, आपल्या दमट हवेत काचेला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरा, फक्त तो तवा स्वयंपाकाचा नको.