दाढ ठणकायच्या आधीच सिमेंट भरून घ्या

सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी, असं करत दाढेचं दुखणं पुढं ढकललं जातं. हे टाळाच. थंड पाणी किंवा गोड लागून क्षणभर कळ येते आणि थांबते, तोवर बहुधा सिमेंट भरून भागतं. रात्री आपोआप ठणका उठू लागला, गरम लागलं की कळ बराच वेळ राहू लागली, की कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. मग रूट कॅनल, म्हणजे आतली खराब नस काढून पोकळी भरणं, करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते. खर्च आणि खेपा दोन्ही वाढतात. खड्ड्यात तंबाखू किंवा लवंगेचा बोळा दाबून ठणका दबेल, कीड थांबत नाही.

आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात ते विचारा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

सिमेंट कोणतं भरलं हे डॉक्टरांना विचाराच. निळ्या प्रकाशानं कडक होणारं कॉम्पोझिट लगेच घट्ट होतं. ग्लास आयोनोमर मात्र पूर्ण पक्कं व्हायला साधारण 24 तास घेतं. तोवर त्या बाजूनं भाकरी, फुटाणे चावू नका. खर्रा तर नकोच, कडक सुपारीनं दाताची कड तुटते. बधिर केलं असेल तर ओठाला जाण येईपर्यंत, दोन-तीन तास, जेवू नका. गाल चावला जातो आणि कळतही नाही.

दात मिटल्यावर तीच दाढ आधी टेकते असं वाटलं, तर सवय होईल म्हणून थांबू नका. परत जा. डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन उंचवटा घासून देतात, काम पाच मिनिटांचं असतं.