टीएमएसने मोटर कॉर्टेक्स मोजताना या चुका टाळा

“हात सैल आहे ना?” असं विचारायचं, समोरच्याने मान डोलावली की पल्स द्यायला लागायचं. टीएमएसमध्ये, म्हणजे डोक्यावर धरलेल्या कॉइलने चुंबकीय पल्स देऊन मोटर कॉर्टेक्स (मेंदूचा हालचाली घडवणारा भाग) तपासताना, या एका सवयीने जितका डेटा वाया गेलेला मी पाहिला आहे, तितका दुसऱ्या कशानेही गेलेला पाहिलेला नाही.

हात सैल आहे असं माणसाला मनापासून वाटत असतं. पण बोटं जरा जरी ताणलेली असली, तरी कॉर्टेक्समधल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी आधीच पेटायच्या बेतात असतात. मग तीच पल्स मोठा एमईपी (पल्समुळे स्नायूत उठणारी विद्युत लाट) देते आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ती लाट उठवायला लागणारी किमान तीव्रता, खाली घसरतो. आपण मेंदूची उत्तेजनक्षमता वाढली म्हणून आनंदतो.

एका विद्यार्थिनीचा डेटा माझ्याकडे तपासायला आला होता. बोटांच्या सरावानंतर एमईपी जवळजवळ दुप्पट झाले होते. ती खूश, तिचे गाइड खूश, पोस्टरही तयार. मी एवढंच म्हटलं, “पल्सच्या आधीचे १०० मिलिसेकंद उघडून दाखव.” सरावाआधी स्नायूच्या विद्युत नोंदीची रेघ सपाट होती, सरावानंतर खरखरीत. सरावाने अवघडलेला हात खुर्चीच्या दांडीवर विसावलाच नव्हता, माणसाने तो धरून ठेवला होता. मोजताना हे कोणाला दिसलं नाही, कारण स्क्रीनवर एका चौकोनाला एक मिलिव्होल्ट असं स्केल होतं. त्यावर ३०-४० मायक्रोव्होल्टची हालचाल सपाटच दिसते. खरखरीत ट्रायल काढून टाकल्यावर सगळा परिणाम नाहीसा झाला. त्या मुलीची मेहनत गेली याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ही चूक पहिल्याच दिवशी पकडता आली असती.

मी दोन खिडक्या उघड्या ठेवतो. एक एमईपीसाठी, दुसरी चौकोनाला ५० मायक्रोव्होल्ट लावून फक्त विश्रांती बघायला. हाताखाली उशी देतो आणि ईएमजीचा, म्हणजे स्नायूच्या त्याच विद्युत नोंदीचा, आवाज स्पीकरवर सोडतो. सैल स्नायू गप्प असतो, ताणला की खरखरतो. ते ऐकून समोरचा माणूस आपणहून हात सोडतो.

दुसरी चूक घाईची. विश्रांतीचा थ्रेशोल्ड म्हणजे दहापैकी किमान पाच पल्सना ५० मायक्रोव्होल्टचा एमईपी देणारी सर्वांत कमी तीव्रता. नवशिके तीन पल्स देतात, दोन लागल्या की आकडा लिहून मोकळे होतात. त्याहून वाईट म्हणजे हॉटस्पॉट, म्हणजे सर्वांत मोठा एमईपी देणारी डोक्यावरची जागा, नीट न शोधताच थ्रेशोल्डला हात घालणं. जागा चुकली की थ्रेशोल्ड खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि त्याच्या १२० टक्के म्हणून दिलेली प्रत्येक पल्स चुकीची ठरते. आठच्या आकाराची कॉइल, मूठ मागे आणि मध्यरेषेपासून ४५ अंश बाहेर, एकेक सेंटिमीटर सरकत जायचं. सापडलेली जागा समोरच्याच्या टोपीवर पेनाने आखा, कॉइलच्या कडेसकट. कॉइल धरून हात दुखतो आणि ती नकळत घसरते, म्हणून मधूनमधून खूण बघत राहा. इतका वेळ द्यायची तयारी नसेल, तर हे तंत्र हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाच एमईपींची सरासरी काढू नका. एमईपी मुळातच उड्या मारतो, मी वीसच्या खाली थांबत नाही. पल्समध्ये पाचेक सेकंदांचं अंतर ठेवा, तेही थोडं कमीजास्त करत.

वीजपुरवठ्यातून नोंदीत येणारी ५० हर्ट्झची गुणगुण नॉच फिल्टरने (ती एकच वारंवारता गाळणाऱ्या) लपवू नका, लाटेचा आकार बिघडतो. इलेक्ट्रोडखालची त्वचा नीट घासा, ग्राउंड तपासा.

दोन कंपन्यांच्या यंत्रांवरचे तीव्रतेचे टक्के एकमेकांशी जुळवून बघू नका.

जोड-पल्स करताना (आधी कमकुवत पल्स, लगेच टेस्ट पल्स; पहिलीने दुसरीचा एमईपी दबतो, तोच निरोध), म्हणजे कुजिराई आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत वापरताना, नुसत्या टेस्ट पल्सचा एमईपी साधारण एक मिलिव्होल्ट आहे का ते प्रयोगानंतरही पाहा. तो बदलला असेल, तर तीव्रता पुन्हा जुळवून घ्या. नाहीतर निरोध कमी झाला की टेस्टच वाढला, हे सांगता येणार नाही.

आणि औषधं विचारा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या फिट्सवरच्या औषधांनी थ्रेशोल्ड वर जातो. फिट्स, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप याबद्दल फॉर्म भरलेला असला तरी मी तोंडी पुन्हा विचारतो. जुन्या ऑपरेशनची क्लिप लोकांना फॉर्म भरताना आठवत नाही. कानात बोळे दोघांनीही घालायचे, कॉइल धरणाऱ्यानेसुद्धा.