किशोरवयीन मुलांना चारचौघांत वागायला कसे शिकवावे

पाहुणे दारात उभे असताना मुलाला कोपराने ढोसून “अरे, नमस्कार कर की!” म्हणणे, यालाच आपल्याकडे बहुतेक वेळा संस्कार समजले जाते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरवय मानते. आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग त्यानंतरही, साधारण पंचविशीपर्यंत, घडत असतो. शिवाय इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो याची धास्ती या वयात सर्वांत अधिक असते. त्यामुळे लोकांसमोर टोकलेले मूल त्या क्षणी शिष्टाचार शिकत नाही, केवळ झालेला अपमान लक्षात ठेवते. शिकवण्याची वेळ प्रसंगाच्या आधी असते, किंवा नंतर.

सुरुवात एकाच गोष्टीने करावी. उदाहरणार्थ, आपण घरी नसताना कोणी आले तर दार उघडून “या, बसा” म्हणणे, पाणी देणे आणि “आई अर्ध्या तासात येईल, थांबता का, की निरोप देऊ?” असे विचारणे. हे वाक्य घरात दोनदा मोठ्याने म्हणवून घ्यावे. मूल हसेल, त्याला हसू द्यावे.

त्यानंतर संबोधनाकडे वळावे. शिक्षकांना ‘तुम्ही’ म्हणणारे मूल सोसायटीच्या रखवालदाराला किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींना सहज ‘तू’ म्हणत असेल, तर ते बहुधा आपल्याच तोंडून उचललेले असते. तेव्हा येथे पहिली सुधारणा पालकांनी स्वतःत करावी.

पुढची पायरी प्रत्यक्ष कामाची. आजीला दवाखान्यात नेऊन नंबर लावणे, बँकेत पासबुक भरून आणणे, वाण्याकडून चुकीची आलेली वस्तू बदलून घेणे अशी कामे मुलावर सोपवावीत आणि सोबत जावे लागलेच तर दोन पावले मागे उभे राहावे. समोरच्याने “कितवीत आहेस?” असे मुलाला विचारले असता “दहावीत आहे हो, यंदा बोर्डाचं वर्ष!” असे उत्तर आपणच देऊन टाकतो. मूल अडखळले तरी ती शांतता काही क्षण सोसावी. लाजाळू मुलाला पाया पडण्याची किंवा गाणे म्हणून दाखवण्याची सक्ती मात्र करू नये. हात जोडून केलेला नमस्कार पुरेसा असतो.

एक प्रसंग सहसा कोणी शिकवतच नाही, तो म्हणजे मृत्यूनंतर भेटायला जाण्याचा. मुलांना यातून वगळण्याकडे आपला कल असतो, पण मित्राचे आजोबा गेले तर मुलाला जावेच लागते. जाण्यापूर्वी त्याला सांगावे की तेथे फार बोलण्याची गरज नसते, “कसं झालं?” हा प्रश्न आपण होऊन विचारू नये, फोनचा आवाज बंद ठेवावा आणि मित्राशेजारी नुसते बसावे. एरवी निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. अशा घरातून निघताना मात्र ‘येतो’ही म्हणत नाहीत, निमूटपणे उठतात. हे ठाऊक नसल्याने गोंधळलेली मोठी माणसेही पाहण्यात येतात.

फोनबाबत नियम थोडेच असावेत: स्वतः फोन केल्यास आधी नाव सांगून “आत्ता बोलता येईल का?” असे विचारणे, दुसऱ्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय न पाठवणे आणि जेवताना फोन दूर ठेवणे. शेवटचा नियम वडिलांनाही लागू असावा, अन्यथा तो दोन दिवसही टिकणार नाही.

चूक झालीच तर त्याच दिवशी, एकांतात आणि तेवढ्यापुरतेच बोलावे. मागच्या दिवाळीतील उदाहरणे उकरून काढू नयेत. जे जमले तेही नेमके सांगावे, जसे “काकांचं बोलणं तू मध्येच तोडलं नाहीस, ते बरं वाटलं.” आणि रागाच्या भरात आपणच पाहुण्यांदेखत मुलाला बोललो असू, तर “मघाशी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं” एवढे म्हणून थांबावे. त्यापुढे ‘पण’ लावू नये.