प्रदर्शनावर लिहिण्याआधीची तयारी

सोलापुरात मराठीच्या पदवी वर्गाला कलाविषयक लेखन शिकवताना एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे: विद्यार्थ्याचा लेख कसा उतरणार, हे तो कलादालनात पाऊल टाकण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. आमच्या बहुतेक मुलांनी चित्रे पाहिलेली असतात ती पुस्तकात किंवा मोबाइलवर, आणि तिथे प्रत्येक चित्र तळहाताएवढेच असते. म्हणून या कामाला नव्याने लागणाऱ्या शिक्षकांनी सुरुवात आकारापासून करावी. चित्राशेजारच्या पाटीवर कलावंताचे नाव, शीर्षक, साल, माध्यम आणि मापे असतात. मापांत सहसा उंची आधी आणि रुंदी नंतर दिलेली असते. अशी काही मापे घेऊन वर्गाच्या भिंतीवर खडूने चौकटी आखाव्यात आणि विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर उभे करावे.

त्यानंतरचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्गात एक सोलापुरी चादर टांगायची आणि मुलांना आधी शेवटच्या बाकावरून, मग हातभर अंतरावरून तिचे वर्णन लिहायला सांगायचे. लांबून जी वेल सलग वळणदार दिसते, ती जवळून पाहिली की बारीक पायऱ्यापायऱ्यांनी वळलेली दिसते, कारण जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणण्याच्या मागावर, ती धाग्यामागून धागा उचलून उमटते. आणि चादर उलटी केली की तीच वेल रंगांची अदलाबदल होऊन पुन्हा समोर येते. घरात रोज अंगावर घेतलेली वस्तू आपण कधी नीट पाहिलीच नव्हती, हे मुलांना कुणी सांगावे लागत नाही. ‘अप्रतिम’, ‘मनमोहक’, ‘काळजाला भिडणारे’ हे शब्द या सरावात वर्ज्य ठेवावेत. ते बाजूला सारले की रंग, पोत, कड आणि अंतर यांच्याविषयी लिहिणे भागच पडते.

चरित्राचा मोहही आवरावा लागतो. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म 1915 साली पंढरपूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, हे कळले की मुले त्या अभिमानात पानभर लिहितात आणि चित्र तसेच राहते. तो अभिमान मलाही आहे, पण चरित्र वर्णनानंतर यावे.

मुंबईला जायचे तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची. मात्र ती पहाटे पोचवते आणि दालने उघडतात उशिरा, तेव्हा मधल्या वेळात मुलांना विश्रांती आणि पोटभर नाश्ता मिळेल असे पाहावे. काळा घोडा परिसरात 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आणि 1996 साली सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय जवळजवळ आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असते. जहांगीरमध्ये चित्रकार पुष्कळदा स्वतः बसलेले असतात. त्यांना ‘याचा अर्थ काय?’ असे न विचारता ‘कॅनव्हासवर पहिल्यांदा काय आले?’ असे विचारायला शिकवावे, कारण अशा प्रश्नाला कलावंत मनापासून उत्तर देतात.

प्रदर्शनावरचा लेख हा एका चित्रावरच्या लेखाहून वेगळा असतो, हे मात्र जाण्याआधीच नीट समजावून द्यावे. कोणते काम दाराशी लावले आहे, कोणती दोन कामे शेजारी आहेत, कुठे भिंत मोकळी सोडली आहे, प्रवेशाजवळच्या मजकुरात जे म्हटले आहे ते भिंतींवर दिसते का, हे मांडणी करणाऱ्याचे निर्णय असतात. त्यासाठी पहिली फेरी वही न उघडता, न थांबता मारावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने दोनच कामे निवडून त्यांच्यासमोर रेंगाळावे. नोंदींसाठी पेन्सिल न्यावी, कारण अनेक संग्रहालयांत शाईचे पेन चालत नाही, आणि छायाचित्रांची परवानगी आधी विचारून घ्यावी.

कच्चा मसुदा परतीच्या गाडीतच लिहून घ्यावा. नावांचे लेखन, शीर्षके आणि साले पाटीवरून टिपलेल्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय मी पक्का लेख हातात घेत नाही.