संवादी कथांच्या स्पर्धेला बक्षीस देताय? या चुका टाळा

इंटरॲक्टिव्ह फिक्शन, म्हणजेच संवादी कथा, ही वाचकाने हुकूम टाइप करत किंवा पर्याय निवडत पुढे न्यायची गोष्ट; तिला गेमही म्हणतात. तिच्यासाठीची आयएफकॉम्प ही स्पर्धा १९९५पासून दरवर्षी होते. तिथल्या वस्तुरूप बक्षिसांची एक यादी असते, आणि त्या वस्तू तुमच्या-माझ्यासारख्यांनीच दिलेल्या असतात. पहिला आलेला लेखक यादीतून हवं ते उचलतो, दुसरा उरलेल्यातून, असं खालपर्यंत. म्हणजे विजेता तुमची वस्तू हातात घेऊन बघत नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी वाचून निवडतो. आणि त्या दोन ओळी लिहायचाच लोकांना कंटाळा!

पार्सलचा विचार नंतर करणं

एका वर्षी मी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दिली. हाताने रंगवलेले १२० गोल पत्ते; खेळ रचणाऱ्या माणसाला याहून सुंदर काय द्यायचं? यादीत मात्र नुसतं ‘हाताने रंगवलेले भारतीय पत्ते’ लिहिलं. डबा केवढा, किंमत किती, कुठे पाठवीन, काहीच नाही. जर्मनीतल्या एका लेखिकेने ते निवडले. तिला कर पडू नये म्हणून मी कस्टमच्या फॉर्मवर ‘भेट’ लिहून किमतीच्या रकान्यात शून्य टाकलं. पार्सल अडकलं. तिच्याकडे खरेदीची पावती मागितली गेली, मी ती शोधून पाठवेपर्यंत मुदत संपली, आणि अडीच महिन्यांनी कोपरा चेपलेला डबा माझ्याच दारात परत आला. माझ्या पत्त्यांसाठी तिने यादीतली बाकीची बक्षिसं सोडली होती, हे मला अजून लागतं.

तेव्हा किंमत खरी लिहा. शून्य किंवा निम्मी लिहायला सुचवणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. युरोपियन युनियनमध्ये एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर कर नाही, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत. वस्तू त्याहून महाग असेल तर कर कोण भरणार, हे यादीतच सांगा. भारतात येणाऱ्या पार्सलला डिसेंबर २०१९पासून भेट म्हणून सूट नाहीच. अपवाद राखी आणि जीवरक्षक औषधांचा. मी आता वस्तू नोंदवायच्या आधीच डबा बांधतो, वजन करतो आणि पोस्टाच्या खिडकीवर तीन-चार देशांचे दर विचारून येतो. ज्यांना एवढा दमही निघत नाही, त्यांनी पार्सलच्या वाटेला जाऊ नये.

खाण्याचे पदार्थ नकोत. पॉवर बँक नको. गिफ्ट कार्ड बहुधा एकाच देशात चालतं, तो देश लिहा. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटच्या कीचंही (गेम उघडायच्या कोडचंही) तेच. काही की ठरावीक प्रदेशाबाहेर चालत नाहीत. जुनं पुस्तक खुशाल द्या, पण जुनं आहे असं सांगून.

‘तुमचा पुढचा गेम तपासून देईन’

नव्या लोकांचं हे लाडकं बक्षीस, कारण खिशातून काही जात नाही. पण वेळ जातो, आणि तो किती ते कुणी मोजत नाही. विजेता आठ महिन्यांनी भलामोठा गेम घेऊन येतो आणि देणारा उत्तरच देत नाही. अशा गप्प बसण्याची मला चीड आहे. लेखकाने ते बक्षीस दुसरं काहीतरी सोडून घेतलेलं असतं.

माझं वाक्य ठरलेलं आहे: ‘एक गेम, दोन तासांपर्यंत खेळून, निकालानंतर सहा महिन्यांत मागितल्यास तीन आठवड्यांत लेखी टिपणं.’ दोन तास अशासाठी, की स्पर्धेत परीक्षकही पहिल्या दोन तासांच्या खेळावरच गुण देतात, त्यामुळे लेखकाला त्या मापाची सवय असते. ट्वाइन (दुव्यांवर क्लिक करायचे गेम बनवायचं साधन) की इन्फॉर्म (हुकूम टाइप करायचे, म्हणजे पार्सर गेम बनवायचं), तेही लिहा. ज्याने आयुष्यात फक्त दुव्यांवर क्लिक केलंय, त्याची टिपणं पार्सर गेमला फारशी उपयोगाची नसतात.

विजेत्याचा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या, आणि पार्सल टाकलं की पावतीचा फोटो पाठवा.

हे सगळं झेपणार नसेल तर कोलॉसल फंडात, म्हणजे स्पर्धेच्या रोख बक्षिसांच्या निधीत, पैसे भरा. त्यातला लेखकांचा वाटा क्रमवारीतल्या वरच्या दोन-तृतीयांश प्रवेशिकांत वाटला जातो. ना डबा, ना कस्टम.