घरच्या फोटोंचा बॅकअप नॅसवर कसा घ्यावा

आमच्याकडची एक पोर्टेबल हार्ड डिस्क टकटक आवाज करत बंद पडली आणि आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो गेले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेली डिस्कची पेटी. तिला स्वतःचा छोटा संगणक असतो, त्यामुळे घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप तिच्यावर फोटो पाठवू शकतात. मी सिनॉलॉजीची दोन डिस्कची पेटी धरून सांगते. दुसऱ्या कंपनीची असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

१. खरेदी
आधी सगळ्या उपकरणांवरच्या फोटो-व्हिडिओंची बेरीज करा आणि निदान त्याच्या तिप्पट जागा धरा. आमचे ६०० जीबी भरले, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. दुकानदाराकडे नॅससाठीची, सीएमआर प्रकारची डिस्क मागा. एसएमआर प्रकारच्या डिस्क स्वस्त पडतात, पण सलग लिहिताना फार मंदावतात. पेटीबरोबर छोटा यूपीएसही घ्या. त्याची यूएसबी केबल नॅसला जोडली की लांबलेल्या वीजकपातीत पेटी स्वतःहून नीट बंद होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा खर्च मला अजिबात टाळण्यासारखा वाटत नाही.

२. मांडणी
डिस्क बसवल्यावर रेड १ किंवा एसएचआर (डिस्क एकत्र जोडण्याची सिनॉलॉजीची स्वतःची पद्धत) निवडा. मग दोन्ही डिस्कवर तेच फोटो राहतात, म्हणून ८ ऐवजी ४ टीबीच जागा मिळते. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत, बीटीआरएफएस निवडा; पुढे सांगितलेल्या स्नॅपशॉटसाठी तीच लागते. ती सगळ्या मॉडेलवर नसते, तेव्हा पेटी घेण्याआधीच विचारून घ्या. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा.

३. मूळ फोटो गोळा करणं
सर्वात जास्त चुका इथे होतात. आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर फोनवर बऱ्याचदा लहान प्रतच असते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर. बॅकअपआधी मूळ फोटो उतरवून घ्या. गूगल फोटोजमधले फोटो ‘टेकआउट’ या गूगलच्याच डाउनलोडच्या सोयीतून काढले की बरोबर जेसन नावाच्या छोट्या फाइल येतात. तारखा, ठिकाणं, वर्णनं त्यांत असतात, त्यामुळे त्या कचरा समजून पुसू नका. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी काढला ही नोंदही त्यातून गेलेली असते. लग्नाचे फोटो ज्याने काढले त्याच्याकडूनच मूळ फाइल मागा.

४. पहिली मोठी कॉपी
लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण ११० एमबी वेग मिळतो, म्हणजे ६०० जीबीला दीड तास. हजारो लहान फाइल असतील तर बराच जास्त वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवा. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा.

५. रोजचे फोटो
फोनवर सिनॉलॉजी फोटोज टाका आणि फोटो बॅकअप चालू करा. आयफोन मागे चाललेल्या अॅपना थांबवतो. पहिल्या वेळी फोन चार्जिंगला लावून अॅप उघडंच ठेवा.

६. बॅकअपचा बॅकअप
दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. चुकून पुसलेला फोटो दोन्हीवरून त्याच क्षणी जातो. त्यासाठी रोजचे स्नॅपशॉट लावा, म्हणजे कालची स्थिती परत आणता येते.

चोरी, आग, विजेचा झटका यांत मात्र अख्खी पेटीच जाऊ शकते. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरची यूएसबी डिस्क जोडून ‘यूएसबी कॉपी’ चालवा. प्रकार ‘इन्क्रिमेंटल’ निवडा. ‘मिररिंग’मध्ये नॅसवरून पुसलेलं डिस्कवरूनही पुसलं जातं. कॉपी झाली की डिस्क काढून दुसऱ्या घरी ठेवा. आमची बहिणीच्या कपाटात असते.

नॅस थेट इंटरनेटवर उघडा करू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या, क्यूनॅप या कंपनीच्या नॅस पेट्यांमधल्या फाइल कुलूपबंद केल्या होत्या. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (इंटरनेटवरून घरातल्या उपकरणांपर्यंत वाट उघडणाऱ्या सोयी) बंद ठेवा, मुख्य खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

७. परत काढून बघा
ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या वर्षांतले दहा फोटो आणि दोन व्हिडिओ यूएसबी डिस्कवरून दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडा. फोटो पूर्ण दिसतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, तारीख बरोबर आहे का, ते पाहा.

हे जमलं की मगच फोनमधली जागा मोकळी करा. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनवर पुसलेला फोटो आयक्लाउडवरूनही जातो. ‘नुकतेच पुसलेले’ या अल्बममध्ये तो ३० दिवस राहतो, तेवढ्यात नॅसवरची प्रत एकदा उघडून बघा.