विमान रद्द झालं? आधी ‘रिफंड’ हा शब्द गिळा

हातातल्या बॅगेत औषधं, चार्जर, एक जोड कपडे, कडक भाकरी. यावर जास्त बोलत नाही. फक्त मुंबईत उतरण्याच्या दिवशीचंच सोलापूरला नेणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका. विमानाला उशीर झाला तर ते पैसे गेले.

विमान रद्द झाल्याचं कळलं की रांगेत उभं राहा आणि तिथूनच कंपनीला फोन लावा.

आता खरा घोळ. टॉवेलच्या धंद्यामुळे जवळपास दर जानेवारीत मी फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातो. एका वर्षी परतीच्या दिवशी बर्फ पडला, विमान रद्द. काउंटरवरच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, “रिफंड हवा का?” डोक्यात सोलापूरची गड्ड्याची यात्रा, घाईत हो म्हणालो आणि फसलो. रिफंड घेतला की कंपनी मोकळी. हॉटेल नाही, जेवण नाही, दुसरं विमान नाही. नवं तिकीट तिप्पट भावानं घेतलं, रात्र बाकड्यावर काढली, यात्रेतला अक्षता सोहळा मोबाइलवर पाहिला.

म्हणून “मला दुसऱ्या विमानानं मुंबईला पोचवा” एवढंच म्हणा, दहादा म्हणा. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारी कंपनी आखाती असो की आपली, तिला ईयू 261/2004 हा विमान प्रवाशांच्या हक्कांचा नियम लागू आहे. बर्फामुळे विमान रद्द झालं तर लांबच्या प्रवासाची 600 युरो भरपाई मिळत नाही. त्यासाठी भांडून घसा कोरडा करू नका. पण जेवण, हॉटेल आणि हॉटेलपर्यंतची गाडी बर्फातही द्यावीच लागते. “हवामान आमच्या हातात नाही” हे उत्तर भरपाईपुरतं चालतं, हॉटेलला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे पंडित नेमकी इथेच गल्लत करतात. कंपनीनं हात वर केलेच तर साधंसं हॉटेल स्वतः घ्या आणि बिलं जपा, पैसे नंतर मागता येतात.

शेंगेन व्हिसा त्याच दिवशी संपत असेल तर विमानतळावरच्या पोलिसांना लगेच गाठा. अशा अडचणीत मुदत वाढवायला शुल्क नसतं.

मुंबईत बॅग आली नाही, तर पट्ट्यापासून हलण्याआधी तक्रार नोंदवून पीआयआरचा, म्हणजे त्या तक्रारीच्या नोंदीचा, कागद घ्या. मोडतोडीची लेखी तक्रार 7 दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची ती हातात आल्यापासून 21 दिवसांत. आत नमुन्याचे टॉवेल असतील तर त्यांची बिलंही जोडा.